डाव्या हाताकडे बघ

मुलांनो, असं समजा की तुम्ही एका मोठ्या हॉस्पिटलात आहात. लांबलचक बोळाच्या टोकाला एक खोली आहे, तिची एक भिंत जाड काचेची. आत माणसं दाटीवाटीने उभी आहेत. खाटेवर एक माणूस पडलाय. डॉक्टरांनी त्याला कालच मृत ठरवलंय. आणि त्याचे दोन्ही हात हळूहळू वर येताहेत! वर येऊन छातीवर टेकतात, नमस्कार केल्यासारखे. कुणी हुंदका देतं, कुणी मोबाइल उंच धरतं.

आता आणखी एक समजा. तो माणूस तुमचा बाप आहे, आणि तुम्हाला आत जायला बंदी आहे.

ठिपकीचं नेमकं तसंच झालं होतं. तिचे पप्पा रंगारी, उंच इमारती बाहेरून रंगवणारे. घरी आले की ब्रशने तिच्या नाकावर एक ठिपका द्यायचे, म्हणून ती ठिपकी. परवा ते बांबूच्या परांचीवरून डोक्यावर पडले. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या दोन-दोनदा करून सांगितलं, "मेंदू पूर्ण मेलाय. छाती हलतेय ती यंत्र हवा भरतंय म्हणून. माणूस गेलाय." पप्पांनी हसत हसत सांगून ठेवलं होतं, "मी गेलो तर चालू माल फुकट घालवू नका. डोळे, मूत्रपिंडं, ज्याला लागेल त्याला बसवा." आईने छातीवर दगड ठेवून होकार दिला होता. शेवटची भेट नीट व्हावी म्हणून ही वेगळी खोलीही मिळाली होती.

तेवढ्यात काकाने परतमहाराजांना आणलं. गेलेला माणूस परत आणतात म्हणून परतमहाराज. शेजारणीने नेलेली वाटी परत आणावी इतकं सोपं!

"आत्मा उंबऱ्यावर उभाय," महाराज म्हणाले, "आम्ही बखोटीला धरून ठेवलाय त्याला. डॉक्टर नाडी बघतो. आत्म्याने चप्पल कुठं काढली ते डॉक्टरला दिसतं का?"

"कुठनं दिसणार!" काका म्हणाला.

महाराजांच्या उजव्या हातातली पितळी घंटा खणखणली. "ये! ये! ये!" आणि हात वर आले. तेव्हा ठिपकी आतच होती. ती किंचाळलीच, "पप्पा!"

आई पुढे झाली. "मग डोळे का उघडत नाहीत हे?"

महाराजांनी डोळे मिटले. येताना गाडीत काकाने घरातलं सगळं त्यांच्यापुढे ओकलेलं होतं. "त्या सकाळी घरातलं कुणीतरी याला टाकून बोललंय. आत्मा रुसलाय. ते माणूस समोर असेतो हा यायचा नाही."

सगळ्यांच्या माना ठिपकीकडे वळल्या. पोहायला न्यायचं पप्पा पुन्हा विसरले होते, आणि ती म्हणाली होती, "जा, घरी येऊच नका."

आईने तिच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, अनोळखी पोरीकडे पाहावं तसं. "बाहेर उभी राहा," एवढंच म्हणाली.

ठिपकी काचेला नाक लावून उभी राहिली. काचेतून आवाज येत नव्हता. घंटा नुसतीच हलत होती. महाराजांचं तोंड पाण्याबाहेरच्या माशासारखं उघडत-मिटत होतं. आतले सगळे घंटेकडे आणि त्या तोंडाकडे बघत होते. ठिपकीला ऐकायला काही नव्हतंच, म्हणून तिला दिसला तो डावा हात. मायेने मानेखाली जाणारा. तो डोकं उचलायचा, हनुवटी छातीकडे वाकायची, आणि मगच पप्पांचे हात हलायचे. एकदा मोबाइलवाल्यासाठी महाराजांनी डाव्या हाताने आशीर्वाद देत नुसती घंटा वाजवली. पप्पा निपचित. डावा हात मानेखाली गेला. हात वर!

ती धावत डॉक्टरीणबाईंकडे गेली. "मान वाकवली की मेलेल्या माणसाचे हात वर येतात का?"

बाई थबकल्या. "कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. दिसलं."

"तव्याचा चटका बसला, तर 'भाजलं' हे आधी कळतं, की हात आधी मागे येतो?"

"हात."

"कारण तो हुकूम पाठीच्या कण्यातली मज्जेची दोरी देते, मेंदूला न विचारता. यंत्राने रक्ताला हवा मिळतेय तोवर मेंदू मेला तरी ही दोरी काही काळ काम करते. मान वाकली की ती ताणली जाते, आणि काहींचे हात असे उठतात. सगळ्यांचे नाही. ज्यांचे उठतात त्यांच्याच खाटेला असले महाराज चिकटतात."

"म्हणजे पप्पा रुसले नाहीत?"

"त्यांना काहीच कळत नाही, बाळा."

"मी सॉरी म्हटलं तरी?"

बाईंनी तिचा हात धरला. पण खोटं बोलल्या नाहीत. "तरी नाही. मी हे तुझ्या काकाला सांगितलं होतं, पण घाईघाईत. चल."

आत शिरताच ठिपकी म्हणाली, "महाराज, मानेला हात न लावता करा."

"संशयाने आत्मा गुदमरतो, पोरी!"

"डावा हात खिशात घाला ना."

घंटा वाजली. "ये! ये! ये!" पप्पा हलले नाहीत.

"बघा! ही आली आणि तो जड झाला!" महाराज ओरडले. काकाने मान डोलावली. आईचे डोळे पुन्हा तसेच परके झाले.

मग ठिपकीने आपला तळवा पप्पांच्या मानेखाली घातला. मान उबदार होती. कानामागे निळ्या रंगाचा एक थेंब पुसायचा राहून गेला होता. तिने डोकं उचललं. तोंडातून अवाक्षर काढलं नाही. हात वर आले. तिने डोकं खाली ठेवलं, हात घसरले. पुन्हा उचललं. पुन्हा आले.

आईने फाडकन तिच्या कानशिलात दिली. "ह्यांना मारलंस तू! आत्ता, माझ्यासमोर!"

मग आईने स्वतः मानेखाली हात घातला, हळूच उचललं, ते हात येताना पाहिले. ती खाली बसली, नवऱ्याचे हात सरळ करत राहिली, आणि म्हणाली, "डॉक्टर, ह्यांचं जे कुणाला लागेल ते द्या."

मुलांनो, आता महाराजांना लोकांनी पळवून लावलं असेल असं तुम्हाला वाटतंय ना? छे! बोळातच एका आजीने त्यांची बाही धरली. "त्यांच्यातली पोरगीच अपशकुनी. आमच्याकडे या, महाराज. आमच्या लेकाला काल यंत्रावर घेतलंय, डॉक्टर म्हणतात गेला." आणि घंटा तिकडे निघाली.

नवी यंत्रं मेलेल्या माणसाची छाती हलती ठेवतात, हे खरं. म्हणून कुठं जगणं संपलं हे डोळ्यांना चटकन दिसत नाही. नेमका त्याच फटीत लुच्चा आपला पाय घालतो. दुःखात माणूस ऐकतो जास्त आणि बघतो कमी. तुम्ही बघा. ज्याने तपासलंय त्याला विचारा. आणि 'इकडे बघ' असं कुणी ओरडलं, की तो तिकडे काय करतोय ते आधी पाहा.

ठिपकीने पुढे काय केलं? गाल अजून लाल होता. त्या आजीच्या लेकाच्या खोलीच्या उघड्या दारात एक मुलगा उभा होता, वडिलांच्या खाटेकडे टक लावून. घंटा ऐकून त्याचा चेहरा उजळला होता. ठिपकी त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

"डाव्या हाताकडे बघ," ती म्हणाली, आणि तिने आपल्या दोन्ही तळव्यांनी त्याचे कान घट्ट झाकले.