मिठाचा हात

येडगावच्या त्या घरात कालवणात मीठ घालायचं ते कोंडाबाईनेच. सुनेने, म्हणजे अंजनाने, वाटण वाटावं, फोडणी द्यावी, चुलीपुढे घामाघूम व्हावं. मीठ मात्र सासूचं. उकळी आली की म्हातारी यायची, वाफ हुंगायची, मूठ सोडायची नि चालू लागायची. चव बघणं तिला कमीपणाचं वाटे. जेवताना भगवंत, अंजनाचा नवरा, मिटक्या मारत म्हणायचा, "आईच्या हाताची चवच न्यारी!" अंजनाचा नुसता जळफळाट व्हायचा. पोरगी स्वप्ना लग्नाला आली, तरी मिठाच्या बरणीला अंजना आपणहून शिवली नव्हती.

मग कोंडाबाई विसरायला लागली. मीठ घालून जायची नि घटकेत पुन्हा घालायला यायची. एकदा मटणाला कुत्र्यानेही तोंड लावलं नाही. भगवंत उखडला तो अंजनावर. मंचरच्या डॉक्टरांनी हा आजार वाढतच जाणार म्हणून सांगितलं आणि म्हातारीचं सगळं अंजनाच्या अंगावर पडलं. न्हाऊ घालायचं, धरणाकडे निघाली की वाटेतून माघारी आणायचं, मेलेला सासरा कधी येणार याचं रोज नवं उत्तर द्यायचं. अंजना इतकी दमायची की रागवायचंही राहून जाई.

मिठाचं तेवढं तिने जमवलं. पिशवी पिठाच्या डब्यामागे दडवली आणि बरणीत एका कालवणापुरतंच मीठ ठेवू लागली. म्हातारी ते घाले, पुन्हा येई, रिकामी बरणी बघून "मीठ संपलं गं" म्हणे नि जाई. अंदाज सुनेचा, हात सासूचा. भगवंत पुन्हा मिटक्या मारू लागला.

अवसरी खुर्दहून स्वप्नाला बघायला पाहुणे यायचे होते. एसटीडी बूथवरून तसा निरोप आला. भगवंत हळूच म्हणाला, "आज मीठ तूच घाल. पावण्यांपुढं शोभा नको."

"न्हाई," अंजना म्हणाली. "त्यांचा मान हाय. तेवढाच ऱ्हायलाय."

पाहुणे ओसरीवर बसले. मासवडीचा रस्सा उकळला. अंजनाने सासूला हाताला धरून चुलीपाशी आणलं, बरणी पुढे केली. कोंडाबाईने वाफ हुंगली, बरणीकडे पाहिलं, मग अंजनाकडे.

"बाई, तुमच्यात मीठ कोण घालतं?"

अंजनाने बरणी खाली ठेवली. "आमच्या आत्या, म्हंजी सासूबाई."

"मंग त्यांना हाक मारा. परक्याच्या चुलीला मी कसा हात लावू?"

"येतील आता."

"थांबते मी," म्हणत कोंडाबाई पाटावर बसली आणि दाराकडे बघत राहिली.

"ताटं वाढायची का?" भगवंतने बाहेरून विचारलं. अंजनाने बरणीत हात घातला. इतकी वर्षं जळून जळून जे हवं होतं, ते हाती आलं होतं आणि तिला नकोसं झालं होतं. म्हातारीला दिसू नये म्हणून तिने पाठ केली आणि मीठ सोडलं.

"आल्या का वो त्या?" कोंडाबाईने मागून विचारलं.

अंजनाने पदराने डोळे पुसले.

"न्हाई," ती म्हणाली. "आता न्हाई येत त्या."