नदी आली त्या शनिवारी

ओटिली गुरीरास आणि बारनाबास नारुसेब यांचं भांडण तीन वर्षं चाललं होतं आणि ओटिलीने त्यात एका दिवसाचाही खाडा केला नव्हता. भांडणाचं मूळ म्हणजे एक उंट. ओटिलीचा नवरा एलिफास समुद्रकाठच्या स्वाकोपमुंड गावी सुट्टीवर येणाऱ्या लोकांना नदीच्या कोरड्या पात्रातून उंटावर फिरवून आणायचा. त्यांच्याकडे पाच उंट होते. त्यातला काइझर नावाचा आडदांड उंट एकदा नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या बारनाबासच्या मळ्यात शिरला आणि शतावरीचे वाफे तुडवून, वर आलेला पाला फस्त करून, सकाळी काहीच न घडल्यासारखा घरी येऊन बसला.

बारनाबास तक्रार घेऊन आला तेव्हा ओटिलीने सरळ कानावर हात ठेवले. "माझे उंट बांधलेले होते. हरणं शिरली असतील."

"हरणाचं पाऊल एवढं?" बारनाबासने दोन्ही पंजे पसरून दाखवले.

"तुझ्या मळ्यात काय काय उगवतं ते मला काय ठाऊक!"

मग शब्दाने शब्द वाढला. ओटिलीने त्याला बजावलं की माझ्या दारात पाय ठेवायचा नाही आणि मला फोनही करायचा नाही. एवढ्यावर न थांबता तिने त्याचा नंबर ब्लॉक केला. रविवारी चर्चमध्ये तिने अख्ख्या गायकवृंदाला सांगितलं की बारनाबास खोटारडा आहे. बारनाबास मागच्या बाकावर बसून सगळं ऐकत होता. त्यानंतर तो उशिराच्या, दुसऱ्या प्रार्थनेला यायला लागला.

फोनची गोष्ट मात्र तशी किरकोळ नव्हती. पाऊस पडतो तो दूर, आतल्या डोंगरांत. इथे आभाळ कोरडंच असतं. म्हणून नदी निघाली की वरचा मळेवाला खालच्याला फोन करतो, "आमच्याकडून गेली बघ," आणि तो त्याच्या खालच्याला. हा रिवाज त्यांच्या आजोबांच्या काळापासूनचा. तेव्हा फोनऐवजी घोडेस्वार धावायचा. ही साखळी बारनाबासपर्यंत यायची आणि बारनाबासने कळवायचं ते ओटिलीला, कारण त्याच्या खाली तिचंच घर. त्याचा नंबर बंद करून तिने स्वतःच्या हाताने साखळी तोडली होती. पण फिकीर कोणाला? नदी दरवर्षी निघायची आणि दरवर्षी वाटेतच वाळूत जिरायची. समुद्रापर्यंत ती आली होती त्याला अकरा वर्षं झाली होती. परक्या माणसाला कोरड्या पात्रात उतरताना एकदा तरी भीती वाटते. जन्मभर काठावर राहिलेल्याला ती वाटत नाही, आणि ओटिलीचा तर जन्मच तिथला.

ईस्टरच्या शनिवारी राजधानीतलं, विंडहूकचं, एक जोडपं आलं. बाई शिक्षिका, नाव न्दापेवा. तिच्या हातात कागद होता. त्यावर स्वाकोपमुंडला करायच्या सगळ्या गोष्टी लिहिलेल्या होत्या: डॉल्फिन बघायची बोट, वाळूच्या डोंगरावरून फळीवर पोटावर घसरणं, जुन्या धक्क्यावर बसून मासे खाणं. सगळ्यांवर काट मारलेली होती. फक्त उंट उरला होता.

"आमचा साकारिया नको नको म्हणत होता," ती नवऱ्याकडे बघून म्हणाली. "म्हटलं, फळीवरून घसरताना तोंडात वाळू गेली तेव्हा मी काही बोलले का?"

"तू ओरडत होतीस," साकारिया म्हणाला. "बोलायला तुला सवड कुठे होती?"

एलिफास मोठ्याने हसला. त्याचा डावा कान अधू होता म्हणून तो सगळंच मोठ्याने करायचा. दोघांना उंटांवर बसवून, पाचही उंट एकामागे एक बांधून तो पात्रात उतरला. फोन मागच्या उंटांच्या गोठ्यातच ठेवला. फोन वाजला की काइझर बिथरतो असं त्याचं म्हणणं होतं. तासाभराची फेरी, वेताच्या बेटापलीकडून वळायचं आणि परत. सगळे बेटामागे दिसेनासे झाले आणि ओटिली चहा टाकायला आत गेली.

चहा उकळतोय तोवर तिने खिडकीतून पाहिलं. वरच्या रस्त्याने गाड्याच गाड्या समुद्राकडे चालल्या होत्या. टपावर घडीच्या खुर्च्या, मागे बसलेली पोरं.

"नदी निघाल्याची हूल उठली की निघाले बघायला," ती स्वतःशीच हसली. "संध्याकाळी कोरड्या तोंडाने परत येतील."

तेवढ्यात एक गाडी रस्ता सोडून तिच्या अंगणाकडे वळली. हॉर्न एकसारखा वाजत होता. तो जुना पिकअप ती ओळखत होती. ओटिली पदर खोचावा तसा एप्रन खोचून दारात उभी राहिली.

"नारुसेब! माझ्या दारात पाय ठेवायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"एलिफास कुठाय?" बारनाबास गाडीतूनच ओरडला. गुडघ्यापर्यंत त्याची विजार ओली होती.

"तुला काय करायचंय?"

"वहिनी, नदी आली. माझ्या विहिरीवरून गेली. एलिफास कुठाय ते सांग."

ओटिलीने त्याच्या विजारीकडे पाहिलं. दिवसभर धुकं नव्हतं, आणि या वाळवंटात माणूस ओला होतो तो दुसऱ्या कशाने? तिने बेटाकडे बोट दाखवलं. बारनाबासने गाडीचं दुसरं दार उघडलं. तिला कळलं नाही कसं, पण ती आत बसली होती आणि गाडी उतारावरून पात्रात घुसली होती.

पात्राच्या मध्यावर चाकं वाळूत रुतली. बारनाबासने दोनदा जोर लावला. गाडी आणखी खाली बसली.

"उतर. पळ," तो म्हणाला.

चोपन्न वर्षांची ओटिली त्या दिवशी जशी पळाली तशी ती शाळेतही पळाली नव्हती. एक चप्पल गेली, मग तिने दुसरीही फेकली. बेटाला वळसा घातला तर समोर पाचही उंट ऐसपैस बसलेले, न्दापेवा फोटो काढतेय आणि एलिफास साकारियाला उंटाचे दात दाखवतोय.

"एलिफास! नदी!"

"काय?" त्याने उजवा कान पुढे केला.

"नदी आली, मेल्या! नदी!"

"येऊ दे की. दरवर्षीच येते," एलिफास म्हणाला. मग त्याला तिच्यामागे धापा टाकत येणारा बारनाबास दिसला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. तीन वर्षं न बोललेली दोन माणसं एकत्र धावत येतात तेव्हा काहीतरी खरं असतं, एवढं त्यालाही कळलं.

उंट उठवायला जीव गेला. चार उठले, काइझर उठेना. बारनाबासने त्याच्या कानाजवळ जाऊन काहीतरी सुनावलं आणि बुटाची एक लाथ घातली. तीन वर्षांची थकबाकीही त्यात असावी. काइझर गुरगुरत उठला. पलीकडचा, वाळूच्या डोंगरांकडचा काठ जवळ होता. न्दापेवाला एलिफासने आणि ओटिलीला बारनाबासने हात देऊन वर ओढलं. शेवटच्या उंटाचे मागचे पाय पात्राबाहेर निघाले आणि बेटाच्या वरच्या अंगाने सुकी पानं चुरडल्यासारखा आवाज आला.

नदी धावत येत नाही. ती चालत येते, फेसाची तपकिरी जीभ पुढे काढून, काटक्या, शेण, मेलेले टोळ आणि कुणाची तरी प्लॅस्टिकची खुर्ची ढकलत. पण तिच्या मागे जे असतं ते कमरेएवढं असतं. जिथे काइझर बसला होता तिथे बघता बघता पाणी फिरलं. मग ते पिकअपपाशी पोचलं. पिकअप आधी थरथरला, मग अलगद कुशीवर झाला.

ओटिलीने एलिफासचा दंड दोन्ही हातांनी धरला होता. पुढे आठवडाभर तिथे काळेनिळे वळ राहिले.

"मी चार फोन केले," बारनाबास बसकण मारत म्हणाला. "तुझा लागेना. एलिफास उचलेना. मग तुझ्या बहिणीला केला. ती म्हणाली, ओटिली खाटकाकडे असेल. खाटीक म्हणाला, नाही. तेवढ्यात पाणी विहिरीपाशी आलं."

"आणि तुझा पंप?" एलिफासने विचारलं.

"खोलायला घेतला होता. अर्धा खोलला आणि आठवलं, आज शनिवार, तू पात्रात असणार. तसाच टाकून निघालो."

"आणि वाफे?"

बारनाबासने हात झटकले. एवढंच.

ओटिलीने तोंड वळवलं. आधी तिला रडू आलं आणि मग स्वतःचाच राग. या माणसाला तिने गावभर खोटारडा ठरवलं होतं. पंप गेला, वाफे गेले, गाडी तिच्या डोळ्यांदेखत गेली, आणि तो तिथे बसून बुटातलं पाणी ओतत होता. देवाने तिला इतक्या स्वस्तात का सोडलं ते तिला कळेना.

घर पलीकडच्या काठावर राहिलं होतं, म्हणून पाच जणं आणि पाच उंट नदीच्या सोबतीने समुद्राकडे निघाले. पुलावरून पलीकडे जायचं. नदी पात्रातल्या खड्ड्यापाशी थांबायची, तो भरायची आणि पुढे सरकायची. तेवढ्यात ते तिला गाठायचे. न्दापेवा तर हरखूनच गेली होती. "हे माझ्या कागदावर नव्हतं," असं ती दर दहा मिनिटांनी म्हणत होती. साकारिया दर वेळी म्हणत होता, "देवाची कृपा, नव्हतं."

मुखापाशी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. अर्धं स्वाकोपमुंड तिथे जमलं होतं. खुर्च्या, थर्मास, पिठाच्या तळलेल्या गोळ्यांची पातेली, वाळूत नाचणारी पोरं. गायकवृंदातल्या बायका एका रांगेत बसल्या होत्या. अनवाणी ओटिली आणि तिच्या शेजारी बारनाबास बघून त्यांच्या तोंडातला घास तोंडातच राहिला.

फेसाची जीभ शेवटचा वाळूचा बांध चाटायला लागली. लोक उठून उभे राहिले. नेमक्या त्याच वेळी ओटिलीने बारनाबासचा हात धरला आणि त्याला बायकांसमोर ओढत नेलं.

"ऐका गं सगळ्यांनी," ती ओरडली. "त्या रात्री उंटांच्या गोठ्याचं फाटक मीच उघडं टाकलं होतं. याचे वाफे आमच्याच उंटाने खाल्ले. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि आज या माणसाने सगळं पाण्यात सोडलं आणि माझ्या नवऱ्याला बाहेर काढलं."

बारनाबासचे कान लाल झाले. "वहिनी, मीही दोन वाफ्यांचे पाच सांगितले होते."

"पाचच होते. मी मोजले होते."

मागे बांध फुटला. नदी समुद्रात शिरली, तपकिरी पाणी हिरव्या लाटेवर आदळलं, आणि लोकांनी असा कल्लोळ केला की ओटिलीचा आवाज कोणाला ऐकू जाईना. ती थांबली नाही. बारनाबास हात सोडवायला बघत होता.

"पुरे ना आता. लोक नदी बघायला आलेत. तूही बघ, अकरा वर्षांनी आलीय."

"नदी येईल पुन्हा," ओटिली म्हणाली. ती रडत होती आणि तिने पाण्याकडे पाहिलंही नाही. "तू आला नसतास तर माझा माणूस कुठून आला असता?"