होडीची खोड

होडीवर पाय असताना तिची खोड बोलून दाखवू नये, हा आमच्या घरातला नेम. वडिलांनी पाळला, मीही पाळला. लढाई सुरू झाली आणि नौदलाने मालवणच्या धक्क्यावरच्या सात मोटरबोटी गस्तीसाठी घेतल्या. त्यात किल्ल्यावर पर्यटक नेणारी, आईच्या नावाची माझी 'लीला'ही होती. ताब्यात घेताना साहेबांनी तिच्यावरच उभं राहून विचारलं, काही दोष आहे का? मी छाती काढून म्हटलं, एकही नाही.

दोष होता. मागून लाट आली की लीला डावीकडे कलायची. अशा वेळी वेग उतरवायचा आणि तिला सरळ जाऊ द्यायचं. घाबरून वळवलं तर उलटलीच. दहा वर्षं हे एकटा मी जाणत होतो, आणि घरात बायको, सुभद्रा.

ती चालवायला आला दत्तप्रसाद, आंबोलीचा. घाटावरचा पोरगा, समुद्र त्याला नौदलानेच दाखवला. तीन दिवस लीलेला राखाडी रंग चढत होता, मी त्याला खडकांमधली वाट दाखवत होतो. दोन्ही वेळचं जेवण आमच्याकडे. सुभद्रेने त्याला बांगड्याचे काटे काढायला शिकवलं. तिसऱ्या रात्री मी खोड सांगणारच होतो. पाय जमिनीवर होते, नेमही आडवा येत नव्हता. तेवढ्यात तो म्हणाला, "काका, तुमची होडी आमच्या बोटींक मागे टाकतली."

मला इतकं बरं वाटलं की तोंडाशी आलेलं मी भातासोबत गिळलं. तो गेल्यावर सुभद्रेने विचारलं, "सांगलात काय त्याका?"

"सकाळी सांगतंय."

सकाळी धक्का रिकामा होता. बोटी पहाटेच निघाल्या होत्या, फोन सगळ्यांचे जमा केलेले. पहारेकऱ्याने माझा निरोप लिहून घेतला आणि घरी जायला सांगितलं. मी दुपारपर्यंत तिथेच बसून राहिलो, जणू माझ्या बसण्याने तो निरोप पोचणार होता.

पाचव्या दिवशी लीलेला ओढून आणलं. दोघे पोहून वाचले होते. दत्तप्रसाद सुकाणूवर होता, तो सापडला नाही. वाचलेल्यांपैकी एकाने सांगितलं की मागून मोठी लाट आली, होडी कलली आणि त्याने ती वळवली.

साहेबांनी मला होडीची ओळख पटवायला तिच्यावर बोलावलं. रंगाखाली आईचं नाव अजून अंधुक दिसत होतं. गोळीची खूण कुठेच नव्हती. साहेबांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, "बोटीत आधीपासून काही दोष होता?"

खाली उतरून सांगता आलं असतं. मी उतरलो नाही. तिच्या लाकडावर हात ठेवला आणि तिच्यासमोरच सगळं सांगितलं.

त्यांनी लिहिणं थांबवलं. "हे तुम्ही त्याला सांगितलं होतं?"

मी नाही म्हटलं.