आठ प्रश्नांचा पिवळा कागद

माझं तोंड फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. पनवेलच्या एका खाजगी हॉस्पिटलात सोळा वर्षं ऑपरेशन थिएटर सांभाळल्यावर कुणाचंही होईल. डॉक्टर ओरडतात, नातेवाईक ओरडतात, मग आपण काय आरती ओवाळायची का? "प्राची सिस्टर बोलते खूप, पण काम चोख" असं सगळे म्हणायचे. मलाही ते खरं वाटायचं.

दोन हजार बाराच्या जानेवारीत मोठे डॉक्टर कुठल्याशा परिषदेहून एक पिवळा कागद घेऊन आले. त्यावर आठ प्रश्न. पेशंटचं नाव काय, ऑपरेशन कशाचं, कुठल्या बाजूचं, कुठलं औषध सोसत नाही का, उपाशी आहे का, असे. पेशंटला थिएटरच्या दारात थांबवायचं, एकेक प्रश्न मोठ्याने विचारायचा, उत्तर त्याच्या तोंडून आलं की मगच टिक करायची. एकही टिक कमी असेल तर ट्रॉली आत घ्यायची नाही.

"म्हणजे आता या वयात आम्ही पेशंटचं नाव विचारायला शिकायचं?" मी स्टाफरूममध्ये म्हटलं. सगळ्या हसल्या. ताहिरा तेवढी हसली नाही. ती आमच्यातली सगळ्यात नवीन, इथलीच पनवेलची. तिनं तो कागद फारच मनावर घेतला. दारात उभी राहून खणखणीत आवाजात आठही प्रश्न विचारायची, म्हातारा ऐकत नसेल तर दोनदा विचारायची. मी तिला चिडवायची, "अगं, तोंडी परीक्षा घेतेस की काय? पास झाला का म्हातारा?" ती गालात हसायची आणि पुढचा प्रश्न विचारायची.

माझी पद्धत वेगळी होती. सकाळी आठला चहा घेता घेता दिवसभराच्या यादीतले सगळे पिवळे कागद पुढे ओढायचे आणि सरळ टिका मारून मोकळं व्हायचं. रात्रीची नर्स पेशंटला सांगतेच की बारानंतर पाण्याचा थेंबही नको. मग पुन्हा काय विचारायचं? दोन महिन्यांत कुणी पकडलं नाही, कारण पकडण्यासारखं काही घडलंच नाही.

निकेशच्या दिवशी ताहिरा रजेवर होती, बहिणीचा निकाह होता. निकेश गव्हाणचा, सव्वीस वर्षांचा, उलव्याच्या बांधकामांवर डंपर चालवायचा. अंगानं तगडा, पित्ताशयात खडे झालेले. साधं, तासाभराचं ऑपरेशन. त्याला वॉर्डातून थिएटरच्या दारात आणला तेव्हा साडेनऊ वाजले होते आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना अकराला दुसऱ्या हॉस्पिटलात पोचायचं होतं.

ट्रॉलीवर तो कोपर टेकून उठला. म्हणाला, "सिस्टर, एक सांगायचं व्हतं."

"नंतर सांग रे बाबा. आडवा हो आधी," मी म्हटलं.

तो आडवा झाला. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आत आल्या आल्या विचारलं, "उपाशी आहे ना?" मी पिवळा कागद पुढे केला. आठच्या आठ टिका.

भूल चढली आणि त्याच्या पोटातलं सगळं वर आलं. वर आलं ते श्वासाच्या नळीत गेलं. डॉक्टर ते शोषून काढत होते, मी काढत होते, यंत्राच्या नळीतून खोबऱ्याचा कीस यायला लागला. गूळ, दूध, तांदळाच्या भाकरीचे तुकडे. दीड तासानं त्याला श्वासाच्या मशीनवर ठेवला. तो शुद्धीवर आलाच नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी गेला.

झालं होतं ते असं. त्याची आई, सखूबाई, रात्री गव्हाणला घरी होती. पहाटे अंघोळ करून ओल्या केसांनी गावदेवीला गेली, पोराचं ऑपरेशन नीट होऊ दे म्हणून नारळ फोडला, भाकरीचा नैवेद्य दाखवला आणि तो घेऊन सातला हॉस्पिटलात आली. देवीचा प्रसाद, तोही आईच्या हातचा, पोरगा नाही कसा म्हणणार? वर तिनं ग्लासभर दूध पाजलं, रिकाम्या पोटी अंगात ताकद कुठून येणार म्हणून. तिला काही सांगायला हवं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही फक्त पेशंटला सांगायचो.

मोठ्या डॉक्टरांनी घरच्या माणसांना केबिनमध्ये बोलावलं. मी कोपऱ्यात उभी. "पेशंटनं खाल्लं आणि आमच्यापासून लपवलं," ते म्हणाले. "हे पाहा, विचारल्याची नोंद आहे." पिवळा कागद टेबलावर होता. निकेशचा चुलता काशिराम तो बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं मान वळवून सखूबाईकडे पाहिलं, आणि तशी नजर मी आयुष्यात पाहिली नाही.

बाहेर व्हरांड्यात सखूबाईनं माझा हात धरला. बारीक, खरबरीत हात. "बाय, तुमी इचारलंत त्याला? खाल्लास का म्हनून?"

काय सांगायचं तुम्हाला! एकच शब्द बोलायचा होता. "नाही." पण आत डॉक्टर बसलेले, माझी दोन पोरं शाळेत, सोळा वर्षांची नोकरी. मी म्हणाले, "हो, विचारलं होतं."

तिनं हात सोडला. "मंग तो खोटं बोलला," ती म्हणाली. "मी नाराज व्हईन म्हनून खोटं बोलला. माज्यापायी." आणि ती तिथंच फरशीवर बसली.

रजेवरून परतल्यावर ताहिरानं तो कागद पाहिला. आठ टिका, एका रेषेत, एका दमात मारलेल्या. तिनं विचारलं, "सिस्टर, तुम्ही दारात विचारलं होतं ना?"

"तुला काय करायचंय? तू तुझं काम बघ," मी खेकसले.

संध्याकाळी घरी जाताना ती म्हणाली, "सिस्टर, मी कुणाला काही बोलणार नाही, अल्लाची कसम. पण त्या बाईला सांगा. तिच्या गावात तिला आता सगळे पोराला मारणारी म्हणताहेत. गव्हाणच्या आपल्या एका पेशंटनंच सांगितलं."

मी आठ दिवस जेवले नाही धड. खरं सांगून टाकते म्हणायला मोठ्या डॉक्टरांकडे गेले, तर ते म्हणाले, "वेड लागलंय का? तुमचं रजिस्ट्रेशन जाईल, हॉस्पिटलला टाळं लागेल. आणि तो परत येणार आहे का?" नव्हताच येणार. तेच तर होतं.

नवव्या दिवशी सकाळी मी रिक्षा करून गव्हाणला गेले. अंगणात दुखवट्याला येणाऱ्यांसाठी मांडव होता, पुरुष खुर्च्यांवर, बायका पडवीत. सखूबाई सगळ्यांपासून दूर, विहिरीच्या कट्ट्याला टेकून बसलेली. मी आत शिरले तेव्हा ती सुनेसाठी, निकेशच्या बायकोसाठी, पाण्याचा तांब्या घेऊन उठली होती. सुनेनं तोंड फिरवलं. तांब्या तसाच परत गेला.

मी तिच्यापुढे जाऊन बसले. आवाज फुटेना. माझा! शेवटी म्हणाले, "सखूबाई, मी खोटं बोलले. मी त्याला विचारलंच नव्हतं. कागद सकाळीच भरून ठेवला होता. तो दारात मला सांगायला उठला होता. 'सिस्टर, एक सांगायचं व्हतं' म्हणाला. मी म्हटलं, नंतर सांग."

मला वाटलं, मारेल. मारायला हवं होतं तिनं.

"तो सांगत व्हता?"

"सांगत होता."

"खोटं नाय बोलला?"

"नाही. खोटं मी बोलले."

तिनं माझं मनगट धरलं आणि मला उठवलं. त्या काटकुळ्या बाईत एवढा जोर कुठून आला कोण जाणे. मला ओढत पडवीसमोर घेऊन गेली, जिथं सून होती, काशिराम होता, सगळं गाव होतं.

"आता सांग," ती म्हणाली. "मोठ्यानं सांग. यांच्या कानात जाऊ दे."

काशिराम खुर्चीतून उठला होता. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, चहा पिता पिता टिका मारल्यापासून. माझा आवाज दोनदा गेला, दोन्ही वेळा सखूबाईनं मनगट आवळलं.

"पोरगा काय म्हनाला, ते परत सांग," ती म्हणाली.

मी परत सांगितलं.