अकराच्या आत दहा फूट

सोसायटीच्या फळ्यावर ठराव लागला तेव्हा फाईलकाकांनी तो तीनदा वाचला, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चार चुका पेन्सिलीने दुरुस्त केल्या, आणि मगच त्यांच्या लक्षात आलं की ठराव आपल्याच गाडीबद्दल आहे. आवारातलं जे वाहन रविवारी सकाळी अकराच्या आत स्वतःच्या इंजिनवर दहा फूट चालून दाखवणार नाही, ते भंगार समजून क्रेनने उचललं जाईल. असं वाहन आवारात एकच होतं.

फाईलकाका हे नाव अर्थातच आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. छत्तीस वर्षं सरकारी अभिलेखागारात काढलेला माणूस निवृत्त होऊन घरी येतो तो एकटा येत नाही. घरात विजेच्या बिलांची फाईल होती, औषधांच्या चिठ्ठ्यांची होती, आणि ‘फायलींची यादी’ या नावाचीही एक होती. गाडीची फाईल सगळ्यांत जाड. काकू लग्न होऊन या घरात आल्या त्या याच गाडीतून. तेव्हाही ती जुनीच होती. आता आठ महिने ती सुरू झालेली नव्हती.

“बापाच्या घरून ज्या गाडीतून निघाले, ती माझ्या डोळ्यांदेखत क्रेनला लटकलेली मला बघायची नाही,” काकू म्हणाल्या. “काय करायचं ते करा.”

काकांनी मिस्त्रींना फोन लावला. मिस्त्रींनी तीस वर्षं ही गाडी सांभाळली होती, पण आता त्यांचे गुडघे गेले होते आणि ते शहराच्या दुसऱ्या टोकाला लेकीकडे राहत होते.

“डिस्ट्रिब्यूटर बघा,” मिस्त्री म्हणाले. “पॉइंट काळे पडले असणार. पण काका, ऐका माझं. तो बाहेर काढू नका. जागच्या जागी साफ करा.”

जागच्या जागी केलेल्या सफाईला काका सफाई मानत नसत. शिवाय डिस्ट्रिब्यूटर या वस्तूबद्दल त्यांना मनापासून आदर होता. चार सिलिंडरांपैकी कुणाला ठिणगी कधी पाठवायची, हे तोच ठरवतो. थोडक्यात, इंजिनातला जावक कारकून. आणि कारकुनाची तपासणी खुर्चीत बसवून होत नाही, असा त्यांचा अनुभव होता.

बुधवारी त्यांनी तो काढला. काढण्याआधी काकूंच्या लाल नेलपॉलिशने तीन खुणा केल्या: एक इंजिनवर, एक डिस्ट्रिब्यूटरवर आणि एक आत फिरणाऱ्या रोटरवर. चारही वायरींना चिठ्ठ्या बांधल्या, फोटो काढले, टिपण लिहिलं. हात लागलाच आहे म्हणून चारही प्लग काढून वर आणले. पुढचे तीन दिवस जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून सगळं होतं. पॉइंट घासून त्यांनी आरशासारखे केले, त्यांच्यातली फट पातळ पात्याने अकरा वेळा मोजली, कंडेन्सर नवा घातला, बॅटरी चार्ज करून आणली.

“इतकं माझे दात काढताना डॉक्टरांनी बघितलं असतं, तर आज मला शेंगदाणे खाता आले असते,” काकू म्हणाल्या.

हे डॉक्टर म्हणजे सोसायटीचे चेअरमन. दुखेल न दुखेल ते उपटून टाकावं, ही त्यांची दवाखान्यातली पद्धत त्यांनी सोसायटीतही आणली होती.

शनिवारी संध्याकाळी काकांनी खुणेला खूण जुळवून डिस्ट्रिब्यूटर बसवला, प्लग लावले, वायरी चिठ्ठीबरहुकूम जोडल्या आणि समाधानाने झोपायला गेले. गाडी सुरू करून पाहिली नाही. कागद बरोबर असताना वस्तू तपासणं म्हणजे कागदाचा अपमान, असं ते मानत.

रविवारी साडेदहाला कमिटी हजर झाली. चेअरमन, टेप घेतलेले सेक्रेटरी, आणि हात मागे बांधून उभे असलेले तीन सभासद. फाटकाबाहेर क्रेनवाला चहा पीत होता.

काकांनी किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं, शिंकलं, आणि कार्बोरेटरमधून असा बार निघाला की तीनही सभासदांचे हात पुढे आले. दुसऱ्यांदा सायलेन्सरमधून धूर आला. तिसऱ्यांदा काकूंनी फोन लावून तो सरळ इंजिनजवळ धरला.

“ठिणगी भलत्याच वेळेला पडतेय,” मिस्त्री पलीकडून ओरडले. “काढलात ना शेवटी! बरं, तो बाहेर असताना इंजिन कुणी फिरवलं का?”

“शक्यच नाही,” काका म्हणाले. “गाडी गिअरमध्ये होती. हँडब्रेक लागत नाही म्हणून मी नेहमी...”

ते थांबले. गाडीच्या डाव्या चाकाखालून पांढरा पट्टा जात होता. ताजा, सरळ, अखंड. चाकाच्या खालूनसुद्धा.

“हे पट्टे कधी मारले?”

“गुरुवारी,” सेक्रेटरी अभिमानाने म्हणाले. “तुमची गाडी मध्ये येत होती, तर आम्ही चौघांनी ढकलून पुढे घेतली, रंग वाळल्यावर परत मागे. वाटली तेवढी जड नाही हो. अशी गुर्रर्र करत गेली.”

जाणारच. प्लग टेबलावर होते. इंजिनात दम धरायला काही उरलंच नव्हतं. चाकं फिरली तशी गिअरने इंजिनही फिरवलं, आणि परत आणताना ते नेमकं जुन्या जागी येऊन थांबलं नाही. काकांच्या तिन्ही खुणा जिथल्या तिथे होत्या. त्यांच्याखालचं इंजिन तेवढं दुसरीकडे गेलं होतं.

“मला अर्धा तास वाढवून द्या,” काका म्हणाले. आयुष्यभर त्यांनी कुणाला मुदतवाढ दिली नव्हती.

चेअरमननी घड्याळ पाहिलं. “माझी व्यक्तिशः काहीच हरकत नाही. पण मुदतवाढ मीटिंगशिवाय देता येत नाही. सेक्रेटरी, इथेच घेऊन टाकू.”

मीटिंग जिन्याखाली भरली. आधी मागच्या मीटिंगचं इतिवृत्त वाचायला हवं, असं एका सभासदाने सुचवलं.

इकडे मिस्त्री फोनवरून सांगत होते. “प्लग काढा. एक नंबरच्या भोकावर अंगठा दाबा आणि हँडलने इंजिन फिरवा. हवा अंगठा उडवेल. तिथे हळू करा, इंजिनच्या पुढच्या पुलीवरची रेघ खाचेशी जुळली की थांबा. मग डिस्ट्रिब्यूटर वर उचलून असा बसवा की रोटर एक नंबरच्या वायरीकडे बघेल. आणि ते टिपण घडी करून खिशात घाला.”

हँडल काकांकडे, म्हणून अंगठा काकूंचा. त्यांनी पदर खोचला.

“आली का हवा?”

“नाही.”

“आता?”

“तुम्हालाच धाप लागलीय, तिची हवा आहे. फिरवा अजून... थांबा! अगं बाई, ढकललं की मला!” काकू अंगठ्याकडे बघत राहिल्या. चाळीस वर्षांत गाडी त्यांच्याशी पहिल्यांदाच थेट काही बोलली होती.

काकांनी डिस्ट्रिब्यूटर उचलून रोटर एक नंबरच्या वायरीकडे वळवला. लाल खुणा आता एकमेकींपासून बोटभर लांब होत्या. ते पुन्हा खुणांकडेच बघू लागले.

“खुणेकडे बघू नका,” काकू म्हणाल्या. “माझ्या अंगठ्यावर विश्वास ठेवा.”

जिन्याखाली मतदान चाललं होतं. तीन विरुद्ध दोन मतांनी अर्ध्या तासाची मुदतवाढ फेटाळण्यात आली. हा निर्णय घ्यायला कमिटीला पस्तीस मिनिटं लागली होती. चेअरमन तो जाहीर करायला वळले, आणि त्यांच्या समोरून गाडी गेली.

धडधडत, थोडी लंगडत, पण गेली. सेक्रेटरी टेप घेऊन मागे धावले आणि दहा फुटांवर त्यांनी सवयीने हात वर केला.

“अकरा वाजून गेलेत!” चेअरमन ओरडले. “मुदतीनंतर चाललेली गाडी चाललेली धरता येत नाही. क्रेन आत घ्या!”

क्रेनवाला पेला ठेवून आला. त्याने गाडीकडे पाहिलं, मग चेअरमनकडे. “साहेब, चालू गाडी मी उचलत नाही. ती थांबू दे, बंद होऊ दे, मग बोलवा.”

काकांनी हे ऐकलं. नियम स्पष्ट होता, आणि नियमाबाहेर जायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी ब्रेकवरचा पाय उचलला. क्रेनला वळसा घालून गाडी फाटकाबाहेर पडली.

काळा अंगठा पदराला पुसत शेजारी बसलेल्या काकूंनी काच खाली केली. “कुठे निघालो आपण?”

“कुठे नाही. फक्त बंद करायची नाही.”

“किती वेळ?”

“पुढच्या मीटिंगपर्यंत.”

“ती महिनाअखेरीला असते,” काकू म्हणाल्या. “आधी पेट्रोल पंपावर घ्या. आणि तिथे इंजिन बंद करा म्हणतील, तेव्हा तुम्ही बोलू नका, मी बोलते.”