पियानोचं झाकण

सेगेद शहरातल्या संगीतशाळेत मी चौतीस वर्षं पियानो वाजवते आणि चौतीस वर्षं कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव सगळ्यात खाली, बारीक अक्षरात: ‘पियानोची साथ’. जूनमध्ये मी निवृत्त होणार. शेवटच्या परीक्षेला माझ्या वाट्याला बोरोका नावाची व्हायोलिनवाली पोरगी आली आणि अडीचशे वर्षांपूर्वीचा एक सोनाटा. त्याच्या जुन्या छापील प्रतीवर चक्क लिहिलंय, पियानो आणि व्हायोलिनसाठी. पियानो आधी. संथ भागात तर सगळी सुरावट पियानोकडे; व्हायोलिननं नुसते तीन सूर धरून मागे राहायचं. एकदा तरी लोकांनी मला ऐकावं, एवढंच मला हवं होतं.

पण बोरोका ते तीन सूरसुद्धा असे दामटायची की माझी सुरावट त्याखाली चिरडून जायची. सांगून सांगून थकले. "मागदी नेनी, नापास झाले तर मी होणार, तुम्ही नाही," ती म्हणायची. नेनी म्हणजे मावशी; शाळेतली सगळी पोरं मला तसंच म्हणतात. ही शिकवण तिच्या सरांची, केरेकेशची. हा माणूस प्रत्येक परीक्षेआधी येतो आणि पियानोचं झाकण आखूड काठीवर टेकवून, जेमतेम उघडं ठेवून जातो. का, तर त्याच्या लाडक्या व्हायोलिनचा आवाज दबायला नको. मला विचारण्याची पद्धतच नाही.

परीक्षेच्या दिवशी मी लवकर जाऊन झाकण लांब काठीवर चढवलं. केरेकेशनं येऊन ते उतरवलं. मी परत चढवलं. परीक्षक येऊन बसले तरी आमचं चाललेलंच.

"आता हात लावलास तर मी घरी जाते," मी म्हणाले. "मग वाजव तूच."

त्याला पियानोतलं ओ की ठो येत नाही. तो चरफडत बोरोकाकडे वळला आणि म्हणाला, बाईंच्या अंगात आलंय, जोर लाव, नाहीतर बुडशील.

पहिला भाग आम्ही दोघींनी हमरीतुमरीवर येऊन वाजवला. मग संथ भाग आला आणि पोरीनं गज एकदम हलका केला. तीन सूर असून नसल्यासारखे. माझं इतक्या दिवसांचं सांगणं तिनं अखेर ऐकलं होतं. झाकण सताड उघडं, मैदान मोकळं, आणि माझे हात तिच्याहूनही हलके झाले. मी जोर लावायला गेले, पण बोटं ऐकेनात. चौतीस वर्षं ती मागे सरायलाच शिकलेली. तिसऱ्या रांगेपर्यंत तरी काही पोचलं की नाही, देव जाणे. मला स्वतःचा इतका संताप कधी आला नव्हता.

नंतर बाहेर टेबलावर गरम पोगाचा, म्हणजे छोटे खारे पाव, मांडले होते. केरेकेश तोंडात घास घेऊनच माझ्यापाशी आला. पोरीला पैकीच्या पैकी मिळाले होते, स्वारी खूश.

"उगाच भांडलीस, मागदी," तो म्हणाला. "तुझ्यासाठी झाकण कसंही ठेवलं तरी चालतं. तू कधीच कुणाला बुडवत नाहीस."

बोरोका शेजारीच उभी होती. तिनं माझ्याकडे बघायचं टाळलं.