पाचच्या आत, चालू इंजिनाने

मित्रांनो, भंगाराच्या आवारात रांगेत तिसरी उभी आहे ना, ती पांढरी डिझेल व्हॅन म्हणजे मी. सोळा वर्षं मी एका धुलाईघरासाठी रुग्णालयाच्या चादरी वाहिल्या. सकाळी मळलेल्या आणायच्या, दुपारी इस्त्री करून परत पोचवायच्या. एकही फेरी चुकवली नाही. हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

मग रुग्णालयाने कळवलं, की पुढच्या महिन्यापासून धूर सोडणारी गाडी फाटकाच्या आत घेणार नाही. विजेची गाडी मालकीणबाईंच्या आवाक्याबाहेरची होती. पण सरकारने व्यावसायिकांसाठी योजना काढली होती: जुनी डिझेल गाडी भंगारात द्या आणि विजेच्या गाडीसाठी अनुदान घ्या. मालकीणबाईंनी अर्ज भरला, तो मंजूर झाला आणि त्या दिवसापासून माझ्याकडे बघायचंच सगळ्यांनी सोडून दिलं. 'ही आता जाणारच आहे' म्हणत माझी बॅटरी काढून जनरेटरला लावली. माझ्या टाकीतलं डिझेलही त्याच्याच पोटात गेलं. मला फार राग आला होता.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी मला ओढून न्यायला ट्रक आला. अडीच वाजले होते. तेवढ्यात मालकीणबाई हातात कागद घेऊन धावत बाहेर आल्या.

"काका, घात झाला! मागच्या पानावर लिहिलंय, गाडी स्वतःच्या इंजिनावर आली पाहिजे. ओढून आणलेली चालणार नाही. आणि पाचला तपासणी बंद!"

लोक कुठलेही सांगाडे ओढून आणून अनुदान लाटत होते, म्हणून ही अट घातली होती. काका म्हणजे आमचे ड्रायव्हर. पहिल्या दिवसापासून माझं स्टिअरिंग त्यांच्याच हातात. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"ताई, अनुदान नाही तर नवी गाडी नाही. मग रुग्णालयाचं काम?"

"ते गेलं तर आपण सगळेच घरी बसणार, काका."

धावपळ करून बॅटरी बसवली, डिझेल ओतलं. पण कोरड्या पडलेल्या डिझेलच्या नळीत हवा धरली होती. ती काढायला शेजारचा गॅरेजवाला घामाघूम होऊन हातपंप दाबत राहिला. साडेतीन झाले, चार वाजत आले. माझ्या मनात आलं, बसावं रुसून. मला मोडायला न्यायचं आणि वर मीच चालत जायचं! पण काका पुन्हा पुन्हा किल्ली फिरवत होते. छप्पन्नाव्या वर्षी त्यांना दुसरीकडे कोण घेणार? पाचव्या प्रयत्नाला मी खोकत खोकत सुरू झाले.

रेडिएटर गळत होता. अर्ध्या वाटेत तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला. इंजिनाची उष्णता थोडी तरी कमी व्हावी म्हणून काकांनी भर उन्हात हीटर पूर्ण चालू केला. शेजारी मालकीणबाई घामाने निथळत घड्याळ बघत होत्या. सिग्नलला मला बंद करायचं धाडस काकांना होईना.

"चल गं बाई, एवढं एकदा," ते पुटपुटत होते.

पाचला आठ मिनिटं कमी असताना आम्ही या भंगाराच्या आवारात पोचलो. तपासणीच्या साहेबांनी नंबर जुळवून पाहिला.

"बंद करून पुन्हा चालू करून दाखवा."

काकांनी मला बंद केलं. पुन्हा किल्ली फिरवली. नुसतीच घरघर. दुसऱ्यांदा फिरवली, तेच. मालकीणबाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले. मित्रांनो, मीही घाबरले होते. तिसऱ्या वेळी होतं नव्हतं ते बळ एकवटून मी चालू झाले.

"मंजूर," म्हणत साहेबांनी शिक्का मारला. "आता करा बंद."

"दोन मिनिटं थांबा, साहेब," काका म्हणाले. "मघाशी नाइलाज होता. तापलेलं इंजिन असं एकदम बंद करू नये."

"अहो, उद्या हिचे तुकडे होणार आहेत!"

"माहीत आहे," काका म्हणाले आणि बसून राहिले.

मित्रांनो, तुमच्या घरातली एखादी वस्तू जायची ठरली, तर ती जाईपर्यंत तरी तिला विसरू नका. शेवटच्या दिवशीही तिची गरज पडू शकते, आणि कुणी विचारपूस केली तर तिलाही बरं वाटतं. माझा काटा हळूहळू लाल पट्टीवरून खाली आला. तो पुरता खाली येईपर्यंत काका थांबले आणि मगच त्यांनी किल्ली फिरवली.